व्हेंटिलेटर काढताना डॉक्टर-नर्सना काहीच वाटत नाही का?

तुमच्या वडिलांचा व्हेंटिलेटर काढला तेव्हा सिस्टर शेवटपर्यंत औषधाच्या पंपाशीच खटपट करत होत्या, तुमच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. म्हणून तुम्ही विचारलंय, या लोकांना काही वाटतं की नाही. मी १८ वर्षं आयसीयूत नर्स आहे. वाटतं. फक्त सगळ्यांना सारखं वाटत नाही.

'आता पुरे' हे बहुतेकदा नर्सच आधी म्हणते. बारा-बारा तास आम्ही त्याच खाटेशी असतो. कूस बदलताना पाठीची साल निघते, सक्शनची नळी घातली की बेशुद्ध माणसाच्याही कपाळावर आठी पडते, ते आमच्यासमोर घडतं. डॉक्टर राउंडला येतात आणि 'अजून दोन दिवस बघू' म्हणतात, त्यातून ऑपरेशन त्यांनीच केलेलं असेल तर नक्कीच. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, आम्हाला कागदावर सही करायची नसते, म्हणून आमचं मत इतकं लवकर तयार होतं. योग्य काय ते कळतंय पण करता येत नाही, या घुसमटीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं, तेही परिचारिकांबद्दलच लिहिताना.

वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवतं की उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेला थांबवणं, दोन्ही सारखंच. डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. इस्रायलच्या २००५ च्या कायद्यात चालू व्हेंटिलेटर बंद करायला मनाई आहे, पण त्याला टायमर लावायची सोय आहे. वेळ संपली की पुन्हा सुरू न करणं चालतं. ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पहिल्यांदा स्वतः पेशंटच्या श्वासनलिकेतली ट्यूब काढली त्या रात्री ते हसू आठवलं.

कुठला उपचार थांबवतोय यावरही मन बदलतं. निकोलस ख्रिस्ताकिस आणि डेव्हिड अॅश या डॉक्टर-संशोधकांनी १९९३ साली अमेरिकी डॉक्टरांचा कल तपासला. रक्त देणं थांबवायला ते सर्वांत आधी तयार होते, सलाइन आणि नळीतून अन्न देणं थांबवायला सर्वांत शेवटी. आणि जो अवयव आपल्याच उपचारामुळे निकामी झाला, त्याचा आधार काढायला त्यांचं मन धजत नव्हतं. वैद्यकीयदृष्ट्या याला फारसा अर्थ नाही, पण आमच्या वॉर्डात मी अगदी हेच पाहिलंय. डायलिसिस 'उद्यापासून नको' असं सहज म्हटलं जातं. फीड बंद करा म्हटलं की सगळे गप्प. उपाशी कसं ठेवायचं?

नव्या मुलींना एकच भीती असते, माझ्या हातून माणूस मेला तर? त्यांना मी कॅरेन क्विनलन या कोमात गेलेल्या अमेरिकी तरुणीची गोष्ट सांगते. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हेंटिलेटर काढायला परवानगी दिली, तो काढला, आणि ती १९८५ पर्यंत, स्वतःच्या श्वासावर, जगली. यंत्र काढल्यावर पुढचं आजार ठरवतो. मुलींची भीती याने थोडी कमी होते, सगळी नाही. माझीही गेलेली नाही.

आता त्या सिस्टरांबद्दल. मी तिथे नव्हते, पण ते काम मला माहीत आहे. ट्यूब काढण्याआधी स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधाचा अंमल उतरलाय ना, हे पाहावं लागतं. नाहीतर माणूस गुदमरला तरी चेहऱ्यावर दिसणार नाही. मग मॉर्फिन आणि झोपेचं औषध. खोलीतले अलार्म आणि मॉनिटर बंद करायचे, म्हणजे घरच्यांनी रेषांकडे बघत बसू नये. ट्यूब निघाली की श्वास मोजायचे. वेग वाढला, मानेचे स्नायू ओढले जायला लागले, भुवया आक्रसल्या, की पंपातून आणखी एक डोस. वाट बघायची, पुन्हा मोजायचे. त्यात तुमच्याकडे पाहिलं तर तिचा आकडा चुकतो. शिवाय, खरं सांगू? तुमच्याकडे पाहिलं तर रडू येतं, आणि डोस द्यायला दुसरं कुणी नसतं.