ठाण्यात पाच जणांच्या कुटुंबाला वॅगन-आरसारखी उंच, चौकोनी छोटी गाडी पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गुडघ्यांनी बेजार झालेले वडील. वॅगन-आरसारखी ‘डबा’ गाडी घ्यावी की दीड-दोन लाख वर टाकून कॉम्पॅक्ट एसयूव्ही, हा प्रश्न. मुलांचं आणि हायवेचं पुढे सांगते. आधी वडिलांचं, कारण तुमच्या प्रश्नात ते सगळ्यात शेवटी आलेत आणि माझ्या मते निर्णय त्यांच्यावरूनच व्हायला हवा.

डबाच घ्या.

आमचे बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, छत्तीस वर्षं. २०२२ च्या जूनमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. अठरा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला तेव्हा मोठा भाऊ खारघरहून त्याची नवी एसयूव्ही घेऊन आला. बाबांना मोठ्या गाडीतून घरी न्यायचं म्हणून सुट्टी टाकून आला होता बिचारा. पाऊस कोसळत होता, हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये आमच्या मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या.

ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना माहीत असेल, गाडीत आधी पाय टाकून शिरता येत नाही. सीटकडे पाठ करून उभं राहायचं, आधी बूड टेकवायचं, मग पाय आत. दादाच्या गाडीची सीट बाबांच्या बुडाच्या वर वीतभर. दादाने काखेत हात घालून उचललं, वॉर्डबॉयने गुडघ्यांना धरलं, मी पलीकडच्या दाराने आत शिरून पाठीमागून ओढत होते. दुसऱ्यांदा उचलताना लेंग्याची नाडी सैल झाली. बाबांचा एकच हात चालत होता, उजवा, आणि तो दाराला धरलेला होता. तो त्यांनी सोडला आणि लेंगा धरला. आधाराचा हात गेला तसे ते खालीच घसरले. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तिसऱ्यांदा दादा पुढे झाला तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली.

शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स केली. नौपाड्यात आमच्या जुन्या इमारतीसमोर ती थांबली आणि बाबांना स्ट्रेचरवरून उतरवताना शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, बाबा गेले. बाबांनी डोळे मिटून घेतले ते घरात पोचेपर्यंत उघडले नाहीत. अठरा दिवस हॉस्पिटलात काढून घरी आलेला माणूस, आणि त्याचं घरी येणं हे असं.

आठवड्याभराने त्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढायला लावली. त्यात त्यांची स्टीलची पट्टी होती, दोन फुटी, आकडे झिजलेले. मला म्हणाले, पलंग मोज. मग खुर्ची, कमोड, व्हीलचेअर. व्हीलचेअरची बैठक वीस इंच भरली. म्हणाले, “या उंचीवरून मी उठतो. याच्या चार बोटं वर चालेल. खाली नको आणि वीतभर वर तर नकोच.” जीभ तेव्हा जड होती, हे एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

ती पट्टी घेऊन आम्ही चार शोरूम हिंडलो. सगळीकडे सेल्समन मला स्क्रीन दाखवत होते आणि मी सीटखाली वाकून इंच मोजत होते. सेडानमध्ये बाबा अलगद बसले, पण बाहेर काढायला दोघं लागले, इतकी ती खाली. उतरत्या छपराची एक हॅचबॅक बसायला बरी होती, पण आत जाताना कपाळ वरच्या चौकटीला लागलं. मान झटकन खाली घेणं त्यांना जमत नव्हतं. वॅगन-आरची सीट दाबून मोजली तर व्हीलचेअरपेक्षा चार बोटं वर. दार सताड उघडलं, बाबांनी उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवला, बूड टेकलं, डोकं कुठेही न लागता आत गेलं. उजवा पाय त्यांनी स्वतः आत घेतला, डावा हाताने उचलून ठेवला. मी फक्त पाठीशी हात धरून उभी होते. हॉस्पिटलमधून आल्यावर पहिल्यांदा ते स्वतःहून कशात तरी बसले. तिथेच बुकिंग केलं, गाडी दसऱ्याला घरी आली.

एक युक्ती फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवली, तुमच्या वडिलांनाही उपयोगी पडेल. सीटवर प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरायची. त्यावर बसलं की अंग सरकतं आणि पाय आत वळवताना गुडघ्याला पीळ बसत नाही. बसून झालं की पिशवी आठवणीने काढायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो.

आता डबा का चालतो ते. ही गाडी जपानमध्ये १९९३ साली आली, तिथल्या छोट्या गाड्यांच्या नियमांत बसवून. लांबी-रुंदीवर सक्त मर्यादा, त्यामुळे वाढायचं तर वरच्या दिशेने. माणूस आडवा रेलून नाही, खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, म्हणून कमी लांबीत पाय मावतात. आपल्याकडे १९९८ मध्ये अशीच उंच सँट्रो आली, १९९९ च्या अखेरीस वॅगन-आर. आताचं मॉडेल ३,६५५ मिलिमीटर लांब आणि १,६७५ मिलिमीटर उंच आहे. गोखले रोडवर संध्याकाळी गाडी घातलीत की लांबी कमी असण्याची किंमत कळेल.

दुसरा फायदा डिकीचा. मागची काच जवळजवळ सरळ उभी आहे, म्हणून पार्सल ट्रे काढला आणि व्हीलचेअरच्या पायपट्ट्या सोडवल्या की घडी केलेली व्हीलचेअर डिकीच्या रुंदीत, चाकांवर उभी मावते. उतरत्या काचेच्या गाडीत तीच व्हीलचेअर दार लागू देत नाही. मी करून पाहिलंय.

याच डिकीवरून दादाशी माझं वाजलं. आधी तो म्हणाला, “अगं, टॅक्सीवाल्यांची गाडी आहे ती, डबा नुसता. बाबांनी जन्मभर काटकसर केली, आता तरी त्यांना नीट गाडीत बसव.” मी पेट्रोल घेतलं हे कळल्यावर, दिवाळीत सगळ्यांसमोर, “निदान सीएनजी तरी घ्यायचीस, हिशोब येत नाही का तुला?” मी तेव्हा गप्प बसले, कारण बाबा समोर होते. हिशोब आज मांडते.

सीएनजीची साठ लिटरची टाकी मागच्या सीटमागे बसते. मग ३४१ लिटरच्या डिकीत एखादी बॅग फार तर, व्हीलचेअर नाही. काही कंपन्यांनी २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, ते बरं आहे, पण मी गाडी घेतली तेव्हा तो पर्याय नव्हता. आणि पैशाचं म्हणाल तर कंपनीची सीएनजी साधारण नव्वद हजारांनी महाग. आमचं फिरणं नौपाडा ते माजिवडा, आठवड्यातून तीनदा फिजिओ, बाकी किरकोळ, महिन्याला तीनशे किलोमीटर. गर्दीत मला पंधराचं अ‍ॅव्हरेज मिळतं, म्हणजे वीस लिटर, दोन हजारांच्या थोडं वर. सीएनजीवर बावीसचं धरलं तर चौदा किलो, अकराशेच्या आसपास. महिन्याला हजार वाचले तरी नव्वद हजार फिटायला साडेसात वर्षं. तुम्ही रोज घोडबंदरहून अंधेरीला जात असाल तर हा हिशोब उलटा होईल, जरूर सीएनजी घ्या. आमच्या घराला तो लागू नव्हता. दादाने एकदाही विचारलं नाही की बाबांची खुर्ची कुठे ठेवतेस.

आणि टॅक्सीवाल्यांच्या गाडीबद्दल. ज्याला दिवसातून पंधरा-वीस वेळा वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या अंगाची माणसं बसवायची-उतरवायची असतात, तो ही गाडी निवडतो, यात कमीपणा कसला? दादाचा आणि माझा जन्म परळचा. दोघांनाही आईने तिथून ठाण्याला आणलं ते काळ्यापिवळ्या पद्मिनीतून. तीही डबाच होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा याच दादाने फोटो ठेवून हळहळ व्यक्त केली होती.

मुलांचं. इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या, गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत वॅगन-आरला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी एक तारा मिळाला, मुलांसाठी शून्य. गाडीचा सांगाडाही त्यांनी अस्थिर ठरवला. २०२५ पासून सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आल्या आहेत, पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा मजबूत होत नाही. दर शनिवार-रविवार मुलांना घेऊन एक्स्प्रेसवेने पुण्याला जाणार असाल तर माझं ऐकू नका. त्यापेक्षा टाटाची पंच बघा. तीही चौकोनीच आहे, दारं नव्वद अंशांत उघडतात आणि २०२१ च्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी पाच तारे, मुलांसाठी चार मिळाले होते. मात्र ती जमिनीपासून जास्त उंच आहे, तेव्हा वडिलांना बसवून बघितल्याशिवाय ठरवू नका. आमची गाडी शहराबाहेर जातच नाही म्हणा ना. एकदा अटल सेतूवरून नेली, तर वाऱ्याने बाजूला ढकलल्यासारखं वाटत होतं. उंच आणि हलकी गाडी, तसं होणारच. ऐंशीच्या वर गेले नाही.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर एवढंच, गिअर बदलताना ती किंचित थबकते आणि मागे टेकलेल्या आजारी माणसाची मान हलते. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडायचा. महिन्याभरात पायाला सवय होते.

बाबा आता चार पायांची काठी घेऊन चालतात. व्हीलचेअर लांब जायचं असेल तरच. परवा तलावपाळीला गेलो तर मी दार उघडायला पलीकडे पोचेपर्यंत ते पाय बाहेर काढून बसलेले होते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. तुमच्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग, म्हणजे मशीनने गाड्या एकावर एक ठेवायची सोय असेल तर बुकिंगच्या आधी तुम्हाला मिळालेल्या कप्प्याची उंची विचारा. सेडानसाठी केलेल्या कप्प्यात साधारण १,५५० मिलिमीटरपर्यंतची गाडी जाते. वॅगन-आर त्यात शिरणार नाही, एसयूव्हीही नाही. आमची इमारत आता पुनर्विकासाला चालली आहे आणि नकाशात सगळं पार्किंग यांत्रिक आहे. मशीनवरून गाडी खाली येईपर्यंत बाबांनी काठीवर किती वेळ उभं राहायचं? म्हणून मी सोसायटीला पत्र लिहिलंय की आम्हाला जमिनीवरची, दाराच्या बाजूला चार फूट मोकळी असलेली जागा हवी. घर बाबा, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर आहे, त्यामुळे दादाची सही लागेल. तो रविवारी येतोय. पत्राला मी बाबांनी मोजलेल्या उंच्यांचा कागद जोडलाय, तेव्हा मोजलेलं सगळं आहे त्यात, त्याच्या गाडीच्या सीटसकट.