बुटाच्या नाडीतल्या एकोणीस गाठी

ताई, गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या साडेआठ वर्षांच्या मुलाला सहा आठवडे माझ्या आईकडे ठेवले होते. माझी आई अतिशय धार्मिक आहे. ती अजून त्याच वस्तीत राहते जिथे मी वाढले. तिथला कारखाना बंद पडून वीस वर्षे झाली, निम्मी घरे रिकामी आहेत, रस्त्यावरचे आणि जिन्यातले दिवे फुटलेले असतात, आणि संध्याकाळनंतर कोपऱ्यावर पिणाऱ्यांचा घोळका उभा असतो. मुलगा परतला तो बुटाची एक जुनी नाडी घेऊन. तिला त्याने एकोणीस गाठी मारल्या आहेत आणि रोज रात्री एकेक गाठ धरून तो एकेका माणसासाठी प्रार्थना करतो. बहुतेक माणसे आजीच्या गल्लीतली आहेत. आईच्या घराचा नळ काढून नेऊन ज्याने भंगारात विकला तोही त्यात आहे. नाव ठाऊक नसल्यामुळे मुलगा त्याला 'नळवाला' म्हणतो. शेवटच्या दोन्ही गाठी त्याच्या बाबांच्या आहेत. माझे पती देवधर्म मानत नाहीत. "माझ्यासाठी प्रार्थना, तीही दोनदा, म्हणजे मी काय एवढा पापी आहे?" असे ते म्हणाले. गेल्या महिन्यात ताप चढला असताना मुलगा रडत सांगू लागला, की आजीच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा पाय त्याच्यामुळे मोडला. बंद कारखान्याच्या आवारात गेलो नव्हतो असे तो आजीशी खोटे बोलला होता, आणि त्याच संध्याकाळी ते आजोबा जिन्यावरून पडले. आता पुन्हा सुट्टी आली आहे. मुलगा जायचेच म्हणतो, हे नाही म्हणतात, आई रोज फोनवर विचारते. मी काय करू?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ओळख उघड होऊ नये म्हणून तुम्ही धर्माचा आणि शहराचा उल्लेख टाळला आहे, आणि ते एका परीने बरेच झाले, कारण तुमचा प्रश्न कोणत्याही धर्मातल्या आजीबद्दल आणि कोणत्याही शहरातल्या उतरती कळा लागलेल्या वस्तीबद्दल तितकाच खरा आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकते: त्याला पाठवा. मात्र त्याआधी तुम्हाला दोन कामे करावी लागतील, आणि त्यातल्या पहिल्याचा सुट्टीशी काहीही संबंध नाही. तुमचे मूल गेले कित्येक महिने एका माणसाचा पाय मोडल्याचा अपराध मनात घेऊन वावरत आहे. ते ओझे या आठवड्यातच उतरवले पाहिजे.

हे ओझे सर्वस्वी तुमच्या आईने त्याच्या पाठीवर ठेवले आहे, असे मानू नका. जिनिव्हात मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या झाँ पियाजे यांनी मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारले होते आणि ते काम 1932 साली प्रसिद्ध केले. दोन मुले सफरचंदे चोरतात. एक पकडला जातो, दुसरा निसटतो, पण पळताना एका मोडकळीला आलेल्या पुलावरून जातो आणि पाण्यात पडतो. त्याने चोरी केली नसती तरी तो पडला असता का, असे विचारल्यावर सहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी 'नाही' असे उत्तर दिले. त्यांच्या मते तो चोरी केल्यामुळेच पडला, पूल कुजलेला होता हा केवळ योगायोग. वय वाढते तसे असे सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण घटत जाते, तरी अकरा-बारा वर्षांच्या मुलांतही सुमारे एक-तृतीयांश मुले तसेच म्हणत होती. म्हणजे वस्तूच माणसाच्या पापाचा हिशेब ठेवतात, ही समजूत या वयात मुलाच्या डोक्यात आधीपासून असतेच. आजीने "खोटे बोलले की कुणाला तरी भोगावे लागते" असे सहज म्हटले असेल, तर तिने त्या समजुतीवर शिक्कामोर्तब केले, एवढेच. माझी स्वतःची आजी ढग गडगडले की देव रागावला आहे असे म्हणे आणि दोन मिनिटांत घोरू लागे. मी मात्र माझे काय चुकले ते आठवत पहाटेपर्यंत जागी असे. तिला हे शेवटपर्यंत कळले नाही.

त्यामुळे मुलाला "वेड्या, असे काही नसते" एवढेच सांगून भागणार नाही. त्या संध्याकाळची हकीकत त्याच्याकडून सावकाश काढून घ्या. जिन्यात दिवा होता का, आजोबांच्या हातात काही होते का, ते याआधी कधी अडखळले होते का, हे त्याला विचारा आणि उत्तरे त्याचीच असू द्या. आपण त्या वेळी कुठे होतो आणि जिना कुठे होता हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता आले, की पाय आणि खोटे बोलणे या दोन गोष्टी त्याच्या मनात सुट्या होऊ लागतील. त्या सुट्या झाल्यावर खोटे बोलणे तसेच शिल्लक राहते, हे विसरू नका. ते त्याने आजीला स्वतः सांगायचे आहे. आणि इथे तुमच्या पतींना न रुचणारी एक गोष्ट मला सांगावी लागते. या बाबतीत मुलाला सोडवू शकणारी व्यक्ती आजीच आहे. देव शिक्षा करत नाही असे देव न मानणाऱ्या बापाने शंभरदा सांगितले तरी मूल मनात म्हणणार, बाबांना काय ठाऊक. तेच आजीने एकदा, तिच्या नेहमीच्या शब्दांत सांगितले, की देव कुणाच्या खोट्यापायी दुसऱ्याचा पाय मोडत नाही, तर तो त्या रात्री शांत झोपेल. म्हणून आधी आईशी तुम्ही एकटीने बोला, मुलगा झोपल्यावर. आणि दुसऱ्या दिवशी दोघांना फोनवर एकमेकांशी बोलू द्या.

आता त्या नाडीकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला ती सर्वांत बोलकी वाटली. तुमच्या पतींना तिच्यात अंधश्रद्धा दिसते, तुम्हाला बहुधा काळजी वाटते. मला मात्र तिच्यात एक यादी दिसली. सहा आठवड्यांत तुमच्या मुलाला आईबापांविना सतरा माणसे इतकी माहीत झाली, की त्यांच्यासाठी रोज काही मागावेसे त्याला वाटते. तुम्ही आज राहता त्या इमारतीतली किती माणसे तो नावाने ओळखतो, हे एकदा मोजून पाहा. त्या सतरांमध्ये नळ चोरणाराही आहे, आणि ही शिकवण आजीखेरीज कुणाची असणार? नळ गेल्यावर तिने नातवासमोर त्या माणसाला शिव्याशाप दिले असते, तरी कुणी तिला दोष दिला नसता. तिने काय केले असावे, ते नाडीवरून कळते. कर्मठपणा आणि भक्ती यांतला फरक मी इथे समजावत बसत नाही. तुमच्या आईत दोन्ही असतील, आपल्या सगळ्यांच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांत असतातच.

बाबांच्या नावाच्या दोन गाठींबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. जो प्रार्थना करत नाही त्याला राखणारे कुणी नाही, असे मुलाने ऐकले असेल किंवा स्वतःच ताडले असेल, तर एक गाठ बाबांसाठी आणि दुसरी बाबांच्या वतीने असू शकते. तसे असेल, तर तुमच्या पतींना जो आरोप वाटला, ती मुलाला वाटलेली भीती आहे, आणि आपले माणूस असल्याशिवाय एवढे भय कुणी बाळगत नाही. अर्थात हा माझा तर्क झाला. विचारायचे त्यांनीच आहे, आणि तेही थट्टेचा सूर न लावता: "माझ्या दोन का रे?" उत्तर ऐकून घ्यावे आणि मग आपले खरे ते सांगावे. मी देव मानत नाही, तरी मला काही होणार नाही, आणि तू माझे नाव घेतोस ते मला आवडते. यातले शेवटचे वाक्य खरे असेल तरच म्हणावे, कारण मुलांना ते लगेच कळते. त्यांनी डोळे मिटून शेजारी बसण्याची गरज नाही. फक्त ती नाडी धुण्यात टाकू नका, लपवू नका आणि पाहुण्यांना दाखवू नका.

सहा महिन्यांनी ती आपोआप कुठेतरी पडून राहील, किंवा राहणार नाही. एकोणीस नावे घ्यायला पाच मिनिटे पुरतात, तोवर काळजीचे कारण नाही. पण गाठ चुकली म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू लागला, रोजचा तासभर त्यात जाऊ लागला, प्रार्थना राहिली तर झोप येईना किंवा शाळेत लक्ष लागेना, तर ती भक्ती नाही, तो त्रास आहे. त्या वेळी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर लावू नका.

वस्तीविषयी तुमच्या मनात काय आहे, ते तुम्ही स्पष्ट लिहिलेले नाही. आईच्या भक्तीचे वर्णन तुम्ही "अतिशय धार्मिक" या दोन शब्दांत संपवले आहे, आणि वस्तीची पडझड मात्र एका लांब वाक्यात ओळीने मांडली आहे. मला वाटते, मुलगा आजीसारखा होईल यापेक्षा, ज्या गल्लीतून तुम्ही मेहनतीने बाहेर पडलात तिथलाच तो होईल, ही धास्ती मोठी आहे. ती समजण्यासारखी आहे. पण उतरती कळा लागलेली प्रत्येक वस्ती सारखी नसते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या 343 वस्त्यांमधल्या 8,782 रहिवाशांना प्रश्न विचारून 1997 साली निष्कर्ष मांडले. शाळा बुडवून नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना शेजारचे कुणी हटकेल का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. जिथे 'हो, हटकतील' असे लोकांना वाटत होते आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता, तिथे गरिबीचा परिणाम हिशेबात धरूनही हिंसा कमी आढळली. तुमच्या आईच्या गल्लीत तुमच्या मुलाला हटकणारे कोण कोण आहे, हे ठरवण्यासाठी तुम्हाला अभ्यासाची गरज नाही. ती नावे त्याच्या नाडीत आहेत. त्यांतल्या दोघातिघांना तुम्ही लहानपणापासून ओळखत असाल. त्यांना फोन करा आणि मुलगा येतो आहे, लक्ष ठेवा, असे सांगा.

तरीही मी त्या वस्तीचे गोडवे गाणार नाही. बंद कारखान्याचे आवार ही खरोखरच धोक्याची जागा आहे. गंजलेले पत्रे, उघडे खड्डे आणि कधीही ढासळणाऱ्या भिंती यांपासून त्याला दूर ठेवणे हा नियम आजीचा नसून तुमचा आहे, आणि तो का आहे हे त्याला पापपुण्याची भाषा न वापरता समजले पाहिजे. अंधार पडण्याआधी घरात, एवढा दुसरा नियम पुरे. घर जुने असेल आणि रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर पलंग त्या भिंतीपासून लांब घ्या आणि खिडकीच्या कडा ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषले जाते.

राहिले दुसरे काम, म्हणजे आईशी बोलणे. तिने सहा आठवडे नातवासमोर प्रार्थना करू नये, अशी अट घालू नका. ती मानली जाणार नाही, आणि मानलीच तर मुलाला आजीच्या जागी भलतीच कुणी बाई भेटेल. तिच्याकडे तीनच गोष्टी मागा. कुणाच्याही दुखण्याचा किंवा मरणाचा संबंध त्याच्या चुकीशी जोडू नये. त्याच्या बापाचे पुढे काय होणार, याबद्दल त्याच्यासमोर बोलू नये. आणि ऐन उन्हाळ्यात त्याला उपवास करू देऊ नये, तो हट्टाने मागत असला तरी. "मी कधी असे म्हणाले?" असे ती विचारेल, आणि ते ढोंग नसेल, आपण बोलून विसरून जातो ते मुले जपून ठेवतात. वाद घालू नका. म्हाताऱ्या आजोबांच्या पायाची गोष्ट तिला सांगा, नातवाच्या शब्दांत सांगा आणि थांबा. तिच्यावर याचा जेवढा परिणाम होईल, तेवढा कोणत्याही अटीचा होणार नाही.

तुमच्या पतींना अधिकाराची भाषा पटत असेल, तर संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारातले चौदावे कलम त्यांना दाखवा. विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य ते मुलालाच देते, आणि आईवडिलांना त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे मार्ग दाखवण्याचा हक्क देते. त्या कलमात आजीचे नाव नाही, हे खरे. पण 'मार्ग दाखवणे' म्हणजे वाट बंद करणे असेही त्यात म्हटलेले नाही.

आई या तीन गोष्टींना तयार नसेल, तर यंदा दोनच आठवडे पाठवा आणि तुम्ही बरोबर राहा. तयार असेल तर सोडायला तुमच्या पतींना जाऊ द्या, तुम्ही जाऊ नका. त्यांनी ती वस्ती नातेवाईकांच्या बोलण्यातून पाहिली असेल, मुलाचे बोट धरून पाहिलेली नसेल. नळवाल्याचे घर कोणते ते मुलगा दाखवील. आणि जाताना जिन्यासाठी एक बल्ब बरोबर न्यावा. तो लावताना स्टूल धरायला मुलाला सांगावे.