चांदी बसली, मग लोखंड का नाही?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी धातूने डोप केलेले प्रकाश-उत्प्रेरक तयार करते आहे. पद्धत एकच ठेवली आहे: टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर, पाणी, थोडं मिथेनॉल, धातूचं नायट्रेट आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. सिल्व्हर नायट्रेट घातलं तेव्हा पांढरी पावडर तपकिरी झाली आणि धुतल्यावरही तशीच राहिली. फेरिक नायट्रेटच्या वेळी द्रावणाचा पिवळटपणा तेवढा कमी झाला. पावडर धुतली तर पांढरीच. दिवा कमी पडतोय का? की मिथेनॉलऐवजी दुसरा द्रावक घ्यावा?

उत्तर: दिवा चांगला आहे, आणि तो कितीही वेळ लावून ठेवलात तरी असं लोखंड बसणार नाही. कारण तुमच्याच नोंदीत आहे: पिवळटपणा कमी झाला. हे टिपून ठेवलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ जण अशा वेळी ‘काही झालं नाही’ एवढंच लिहून पुढे जातात.

अ‍ॅनाटेज प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली होल, म्हणजे त्याची रिकामी जागा, उरतं. फेरिक नायट्रेटचं पाणी मुळातच आम्लधर्मी, आणि अशा पाण्यात या इलेक्ट्रॉनचं विभव साधारण उणे ०.२ ते ०.३ व्होल्ट भरतं. चांदीच्या आयनचं क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ; जितकं अधिक तितकं घेणं सोपं) अधिक ०.८०, तेव्हा तो इलेक्ट्रॉन लगेच घेतो आणि दाण्यावर धातू होऊन बसतो. फेरिक आयनही पहिला इलेक्ट्रॉन सहज घेतो (अधिक ०.७७) आणि फेरस, म्हणजे एक धन भार कमी असलेला लोखंडाचा आयन, होतो. तुमचा पिवळा रंग गेला तो इथेच. पण फेरसचं धातुरूप लोखंड व्हायला उणे ०.४४ लागतं, आणि या इलेक्ट्रॉनची तेवढी कुवत नाही. फेरस पाण्यात विरघळलेलाच राहिला आणि धुताना वाहून गेला. प्लॅटिनम, सोनं, पॅलेडियम मात्र चांदीसारखेच बसतात. तांबंही बसतं, पण हवेत काढलं की त्याचा ऑक्साइड व्हायला वेळ लागत नाही.

आता जे तुमच्या गाइडशी बोलून घ्यायलाच हवं ते सांगतो. तुमची चांदीसुद्धा स्फटिकाच्या आत गेलेली नाही. ती पृष्ठभागावर बारीक कणांच्या रूपात आहे आणि तिथे इलेक्ट्रॉन धरून ठेवून तो होलला परत मिळू देत नाही. काम उत्तम करते, पण डोप केलेला म्हणजे धातूचे आयन स्फटिकाच्या आत शिरलेला. अहवालात ‘डोप केलेला’ लिहिलंत तर परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतील, आणि तो योग्यच असेल. १९७८ साली क्रॉयटलर आणि बार्ड यांनी प्रकाशाच्या मदतीने टायटॅनियम डायऑक्साइडवर प्लॅटिनम बसवलं, तेही पृष्ठभागावरच.

लोखंड हवंच असेल तर ते पावडर तयार होतानाच आत घालावं लागतं. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड अल्कोहोलमध्ये घ्या, त्यात फेरिक नायट्रेट विरघळवा, थोडं अ‍ॅसेटिक आम्ल घाला आणि पाणी अगदी थेंबाथेंबाने सोडा. घाई केलीत तर जेलऐवजी पांढरा साका खाली बसतो. जेल वाळवून ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजायचं. फेरिक आयनचा आकार टायटॅनियमच्या आयनला बराच जवळचा असल्याने तो त्याच्या जागी मावतो. प्रमाण मात्र अर्ध्या अणु-टक्क्याच्या आसपास ठेवा. चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी १९९४ मध्ये २१ धातूंचे आयन तपासले, त्यात लोखंडाचा फायदा इतक्या कमी प्रमाणातच दिसला होता. जास्त घातलं की तेच आयन इलेक्ट्रॉन आणि होलची पुन्हा गाठ घालून देतात.

राहिलं मिथेनॉल. तुम्ही त्याला द्रावक म्हणता, पण या बीकरमध्ये द्रावकाचं काम पाणीच करतंय. मिथेनॉल होलला खाद्य पुरवतं: स्वतः ऑक्सिडाइज होऊन फॉर्मल्डिहाइड, पुढे फॉर्मिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड होतं, म्हणून इलेक्ट्रॉन धातूसाठी मोकळा राहतो. इथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलही चालतं. चांदी तर अल्कोहोलशिवायही बसते, फक्त सावकाश. अ‍ॅसिटोन मात्र वापरू नका, तो स्वतःच अतिनील किरण शोषतो. दिवा लावण्याआधी अर्धा तास नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन काढा, नाहीतर इलेक्ट्रॉन तोच पळवतो. चांदीच्या वेळी पाणी डीआयोनाइज्डच हवं. क्लोराइडचा अंश असला तरी सिल्व्हर क्लोराइडचा गढूळपणा येतो आणि हिशेब चुकतो. एक ग्रॅम पावडरवर दहा मिलिग्रॅम चांदी हवी असेल तर सिल्व्हर नायट्रेट १५.७ मिलिग्रॅम घ्यायचं.

प्रश्न: क्वार्ट्‌झचं भांडं नाही, बोरोसिलिकेटचा बीकर चालेल का? आणि प्लॅटिनम बसल्यावर रबरी बूच वर उचललं गेलं, ते का?

उत्तर: ३६५ नॅनोमीटरला बोरोसिलिकेट चालतं, २५४ ला नाही, ते काचेतच अडतं. बूच उचललं ते बहुधा हायड्रोजनने. प्लॅटिनम बसल्यावर उरलेल्या मिथेनॉलमधून तोच वायू सुटू लागतो. भांडं कधीही गच्च बंद ठेवू नका. नळी फ्यूम हुडमध्ये सोडा आणि जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको. दिव्याभोवती आडोसा आणि डोळ्यांवर अतिनील किरण रोखणारा गॉगल हवाच. साधा चष्मा पुरत नाही. डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते, तोवर इजा होऊन गेलेली असते.