उंबऱ्यावरची शिंक आणि डोळ्यांत टोचणारा उजेड

प्रश्न : मी अमळनेरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४३. घरातून उन्हात पाऊल टाकलं की मला लागोपाठ तीन शिंका येतात, अगदी लहानपणापासून. लेकीलाही येतात, तिला दोनच. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण आठ वर्षांपासून मला आमवात आहे, अधूनमधून अर्धशिशी उठते, आणि गेल्या दोन वर्षांत उजेडच सोसेनासा झालाय. वर्गातली ट्यूबलाइट टोचते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. आता घरातही काळा गॉगल लावून भाकरी थापते. सासूबाई म्हणतात, "हाई काय नवं नाटक शे?" शिंका आणि हा त्रास एकाच दुखण्याचे आहेत का?
– एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : ताई, नाही. शिंका तुम्ही जन्मासोबत आणल्यात, उजेडाचा त्रास नंतर आलाय. दोघांची वाट मात्र एकाच नसेजवळून जाते, म्हणून तुमचा घोटाळा झाला.

शिंकांचं आधी सांगते, कारण तो माझाही घरचाच विषय आहे. पारोळ्याकडे आमच्या आजोबांचं धाब्याचं घर होतं. आत भरदुपारीही कंदील लावावा असा अंधार, आणि दार उघडलं की वैशाखाचं पांढरं ऊन. वडील कामाला निघाले की बरोब्बर उंबऱ्यावर शिंकायचे. आजी लगेच, "बस, पानी पे, मंग जाय." निघताना शिंक म्हणजे अपशकुन! बिचाऱ्यांची भुसावळची गाडी त्या पाण्यापायी कितीदा चुकली असेल. मी नेत्रवैद्यक शिकले तेव्हा कळलं, की अपशकुन बिपशकुन काही नव्हता, अंधार आणि ऊन यांची गाठ त्या उंबऱ्यावर पडत होती एवढंच. खानदेशातल्या जुन्या घरांत अशा शिंकांनी किती शुभकार्यं खोळंबली असतील, देव जाणे.

साधारण चार माणसांत एकाला हे असतं. आई किंवा बाप यांपैकी एकाला असलं, तरी प्रत्येक लेकराला ते मिळण्याची शक्यता निम्मी. तुमच्या लेकीच्या दोन शिंका तुमच्याकडूनच आल्यात. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका जुन्या प्रश्नोत्तरांच्या ग्रंथातही विचारलंय, की उन्हाने शिंक येते तर विस्तवाने का येत नाही? तिथलं उत्तर नाकातल्या ओलाव्यावर गेलंय. आज आपण ओलाव्याऐवजी नसांकडे बघतो. चेहरा, नाक आणि डोळ्याचा पुढचा भाग यांच्या संवेदना त्रिधारा नावाची एकच मोठी नस मेंदूकडे नेते. उजेडाचा निरोप डोळ्यांमागच्या नसेतून जातो. काही लोकांच्या मेंदूत हा निरोप एकदम जोरात आला, की शेजारच्या त्रिधारेच्या वाटेवर सांडतो, आणि नाकात काही गेलं असं समजून मेंदू शिंक काढतो. दोन-तीन शिंकांत डोळे उजेडाला सरावतात, की संपलं. औषध लागत नाही. फक्त स्कूटी अंगणात उभी असतानाच शिंकून घ्या, मग किल्ली फिरवा. आणि पुढेमागे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना ही सवय आधी सांगा. डोळ्याशेजारी इंजेक्शन देताना अशी माणसं कधी कधी सुई आत असतानाच शिंकतात. माझ्या टेबलावर हे झालंय. हात वेळेत मागे घेतला म्हणून बरं.

आता तुमचं खरं दुखणं. वाळू गेल्यासारखं वाटणं आणि आमवात हे एकत्र वाचलं, की माझ्या डोक्यात पहिली शंका कोरड्या डोळ्यांची येते. आमवातात शरीराची संरक्षक फौज सांध्यांवर उलटते, तशी ती अश्रुग्रंथींवरही उलटू शकते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे नसांची दाट जाळी, तीही त्रिधारेचीच. वर अश्रूंचा थर नसला की ती उघडी पडते आणि साधा उजेडही बोचतो. तपासणी सोपी आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ५ मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळे चांगलेच कोरडे. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि घरोघरी तोंडासमोर लावलेला कूलर! त्याचं तोंड आजच भिंतीकडे फिरवा.

अर्धशिशीचं वेगळं आहे. डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यात काही पेशी चित्र बघण्यासाठी नसतात, फक्त उजेड किती हे मेंदूला सांगतात. त्यांचा निरोप आणि मेंदूच्या आवरणातली वेदना मेंदूत एका ठिकाणी भेटतात. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की दृष्टी जवळपास गेलेल्या पण या पेशी शाबूत असलेल्या माणसांचीही अर्धशिशी उजेडाने वाढते. ज्यांचे डोळेच काढलेले होते, त्यांची वाढली नाही. ज्यांना समोरचं दिसतही नाही, त्यांना उजेडाचं नाटक कसं करता येईल? सासूबाईंना हे जरूर ऐकवा.

घरातला काळा गॉगल मात्र उतरवा. रागावू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना नंतर साधा उजेडही जास्त टोचतो, आणि तुम्ही दिवसेंदिवस अधिक काळी काच शोधत राहता. तो उन्हापुरता ठेवा. घरात फिकट गुलाबी छटेची काच चालेल, अर्धशिशीच्या काही रुग्णांना ती मानवते. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. डोळ्यांना जाणवत नाही, अर्धशिशीच्या डोक्याला जाणवू शकतं. शाळेत विचारून ती बदलता आली तर बघा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत न्या. आमवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन पाच वर्षांहून जास्त चालू असेल, तर डोळ्याच्या या मागच्या पडद्याची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी. आणि एखाद्या दिवशी डोळा लाल झाला, आतून ठणकला, धूसर दिसू लागलं, तर मेडिकलमधून थेंब आणून घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शाळेला रजा टाकून.

लेकीला कुठेही नेऊ नका. तिला फक्त तिच्या दोन शिंका आहेत.