जर्मनीत नवीन आहे. सहकारी हरणाचं आणि रानडुकराचं मांस देतोय. वास जाण्यासाठी ते कसं शिजवावं आणि सोबत कोणती बिअर घ्यावी?

वास घालवायचाच असेल तर हरीण घेऊ नका, सरळ बोकडाचं मटण आणा.

तुमच्या प्रश्नातले ‘वास जाण्यासाठी’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. नीट मारलेल्या, नीट गार केलेल्या हरणाच्या मांसाला उग्र वास नसतो. तो असतो चरबीला, वरच्या पांढऱ्या पापुद्र्याला आणि शिकाऱ्याच्या हलगर्जीपणाला. गोळी पोटात लागली, आतडी काढायला उशीर झाला, गरम धूड गाडीच्या डिकीत तसंच पडून राहिलं, की मांसाला जो दर्प चढतो त्यालाच लोक रानाचा वास म्हणतात. तो व्हिनेगरने जात नाही आणि गरम मसाल्यानेही जात नाही. तसलं मांस घ्यायचंच नाही, एवढाच त्यावर उपाय.

मी बव्हेरियाच्या उत्तर भागात, म्हणजे फ्रँकोनियात, बांबर्गजवळच्या एका गावात राहतो. आमचे शेजारी परवानाधारक शिकारी आहेत, वय सत्तरीच्या पुढे. ते ‘रे’ मारतात, म्हणजे इथलं छोटं हरीण, आपल्या भेकरापेक्षा किंचित मोठं. जागच्या जागी पोट साफ करतात आणि घरी आणून शीतघरात काही दिवस कातडीसकट टांगून ठेवतात. त्यांनी दिलेल्या मांसाला रक्ताचा आणि ओल्या पाल्याचा हलका वास येतो, बाकी काही नाही.

असाच एक अख्खा खांदा डिसेंबरच्या सुट्टीत मी साडूंकडे घेऊन गेलो. आमचे साडू साताऱ्याचे. मटणात त्यांचा हात बसलेला आहे, त्यांच्या सुक्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण त्यांनी तो खांदा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला, सकाळी आलं-लसणाचा गोळा चोळला, कांदा-लसूण मसाला सढळ हाताने घातला आणि कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. पिल्सच्या, म्हणजे फिकट आणि कडवट बिअरच्या, बाटल्या बाल्कनीतल्या बर्फात खोचून ठेवल्या. ताटं वाढली, रश्श्यावर लालभडक तवंग. पाहुण्यांपैकी एकजण बोटं चाटत म्हणाले, “वा, अगदी मटणासारखं लागतंय!”

साडूंना ती दाद वाटली. मला फार वाईट वाटलं. ते जनावर जंगलात कोवळे कोंब, ब्लॅकबेरीचा पाला, ओकची फळं निवडून निवडून खात वाढलेलं. ताटात आल्यावर ते बाजारातल्या बोकडापेक्षा वेगळं ओळखूच येऊ नये? मी तिथेच बोललो. साडू म्हणाले, “मग आपल्या लोकांनी मसाले केले कशाला?” तो वाद त्या रात्री मिटला नाही आणि अजूनही मिटलेला नाही.

माझं म्हणणं असं. रे-हरणाच्या मांडीत चरबी जेमतेम एक-दोन टक्के. अशा मांसावर व्हिनेगर घातलं की वरचा थर पांढरा पडून भुसभुशीत होतो आणि आतलं आहे तसंच राहतं. इकडेही जुन्या बायका मांस ताकात बुडवून ठेवायच्या, पण ती फ्रिज नसतानाची सोय होती. कुकरमध्ये तर त्याचे कोरडे धागे होतात. रस्सा कितीही चांगला झाला तरी तुकडा चावताना घशात अडकतो आणि मग माणूस तो बिअरने खाली ढकलतो. बिअर त्यासाठी नसते.

पुढच्या हिवाळ्यात खांदा माझ्या घरी शिजला. सासरे साताऱ्याहून आले होते, साडू होते आणि शेजारीही जेवायला होते. धारदार सुरीने पापुद्रा आणि चरबी सगळी काढून टाकली. हरणाची चरबी थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते, ती ठेवू नका. मोठे तुकडे कोरडे पुसून बिडाच्या भांड्यात कडकडीत तुपात थोडे थोडे परतले, अगदी गडद तपकिरी होईपर्यंत. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि परतायचं राहून ते उकडतात. मग मांसाच्या निम्म्या वजनाइतका कांदा, तोही तपकिरी. मिरी, लवंग, तमालपत्र, जायपत्री, दगडफूल, रंगापुरती एक ब्याडगी आणि ठेचलेले जुनिपरचे दाणे. जुनिपर इथे कुठल्याही दुकानात वाखोल्डर या नावाने मिळतं. खोबरं घातलं नाही. खोबऱ्याचं वाटण मला जीव की प्राण आहे, पण त्याचा स्निग्धपणा या मांसावर पांघरुणासारखा बसतो. हाडांचं पाणी, अर्धी बाटली काळी बिअर, झाकण लावून ओव्हनमध्ये १५० अंशांवर अडीच तास. इथले लोक सोबत प्राइसेलबेरीचा आंबटगोड मुरंबा घेतात. मी त्याऐवजी शेवटी दोन-तीन आमसुलं टाकली. आमसुलाचा आंबटपणा या मांसाला लिंबा-टोमॅटोपेक्षा कितीतरी जास्त शोभतो.

आता बिअर. रश्श्यात पिल्स किंवा तिच्याहून कडू आयपीए बिअर कधीही ओतू नका. पाणी आटतं, हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा आटत नाही, आणि सगळं भांडं कडू होतं. माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य, त्याची चव पुढे असलेली बिअर हवी: गडद रंगाची डुंकेल किंवा तिच्याहून दाट डॉपेलबॉक. प्यायलाही तीच. माल्ट भट्टीत भाजताना जी खरपूस चव तयार होते, तीच मांस आणि कांदा परतताना होते. त्यामुळे घास आणि घोट एकमेकांना धरून जातात. शेजाऱ्यांनी तळघरातून डॉपेलबॉक आणली होती. म्युनिकच्या पाउलानर मठातले साधू उपासाच्या काळात पीत त्या दाट बिअरचा हा वंश. मद्यार्क सात टक्क्यांच्या पुढे, चव भाजक्या पावासारखी. ती आठ ते बारा अंशांवर प्यायची. बर्फात खोचलेल्या बिअरने जीभ बधिर होते. वरून झणझणीत तिखट आणि पिल्सचा कडूपणा एकत्र आले की तोंड नुसतं पेटतं, मांसाची चव कळायला जागाच उरत नाही.

सासऱ्यांनी पहिल्या घासाला मान हलवली आणि म्हणाले, “हे मटण नव्हे, हे कळतंय.” मला तेवढंच हवं होतं. साडू म्हणाले, “चांगलं आहे, पण हे जेवण आपलं नाही.” हे मला मुळीच मान्य नाही. मिरी, लवंग, तमालपत्र, जायपत्री, दगडफूल, आमसूल: यातलं आपल्या डब्यात नाही असं काय आहे? आणि हे मसाले इथल्यांनाही परके नाहीत. न्युरेंबर्गचं लेबकुखन, म्हणजे नाताळातला मसालेदार गोड पदार्थ, खाऊन बघा, लवंग, दालचिनी आणि वेलदोडे तोंडात येतील. मराठी स्वयंपाक म्हणजे फक्त तिखट, असं आपणच म्हणायला लागलो तर दुसऱ्यांना काय बोलणार?

रानडुकराबद्दल थोडक्यात. त्याला चरबी असते, चव दांडगी असते, तिथे मसाला थोडा चढा चालतो, साडूंचा कांदा-लसूणही चालतो, पण व्हिनेगर नको. सोबत बांबर्गची राउखबिअर घ्या. तिचं माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर तिच्यासारखी दुसरी नाही, रे-हरणाला मात्र तो धूर झेपत नाही. डुक्कर आतपर्यंत शिजलंच पाहिजे, मधोमध ७० अंश किमान दोन मिनिटं. ट्रिकिनेला कृमीची तपासणी इथे कायद्याने सक्तीची आहे. ती झाली आहे का, हे सहकाऱ्याला स्पष्ट विचारा, यात संकोच नको. आणखी एक: १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर दक्षिण बव्हेरियात आणि बव्हेरियन जंगलात डुकरांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम अजूनही सापडतं, कारण ती जमिनीखालची हरीण-ट्रफल नावाची बुरशी उकरून खातात. किलोला ६०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर असेल तर ते मांस विकता येत नाही. मांस त्या भागातलं असेल तर मोजणीचा आकडा मागून घ्या. शिशाची गोळी वापरली असेल तर जखमेभोवतीचा भाग भरपूर कापून टाका. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचं मांस देऊच नका.

हे सगळं जर्मनीपुरतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. गावी गेल्यावर कुणी गुपचूप भेकर आणून दिलं तर हात लावू नका, मी चार चौघांत हे बोलून एका नातेवाइकाचा रागही ओढवून घेतला आहे.

सहकाऱ्याकडे खांदा किंवा नळी मागा. पाठीचा तुकडा मिळाला तर त्याचा रस्सा करू नका. तो फक्त हरणाचा असेल तरच तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून मधोमध ५६-५७ अंशांवर गुलाबी ठेवा, वर मिरी आणि मीठ. त्याबरोबर डॉपेलबॉक जड होते, डुंकेल बरी. आणि घरात कुणी दारू घेत नसेल तर रश्श्यात बिअर टाळा, अडीच तास शिजूनही मद्यार्क सगळा उडत नाही. हाडांचं पाणी वाढवा आणि आमसुलासोबत चिमूटभर गूळ घाला.