'थ' वरून मुलाचं नाव हवं आहे. नावांच्या साइटवर दिलेले अर्थ आणि मूळ खरं असतं का?

नक्षत्र उत्तराभाद्रपदा दिसतंय, दुसरा चरण. गुरुजींनी 'थ' काढून दिला म्हणजे आता घरादारात सगळे फोन घेऊन बसले असणार. मुद्द्याचं आधी सांगते: त्या साइटवरचे अर्थ सर्रास ठोकून दिलेले असतात. मी संस्कृत शिकवते, आणि या एका विषयावरून माझं सख्ख्या भावाशी वाजलेलं आहे.

त्याच्या मुलाचं बारसं होतं. आत्या मी, म्हणजे कानात नाव सांगायचा मान माझा. नाव काय ठरलंय हे मात्र मला आदल्या संध्याकाळी फोनवर कळलं. आरव. मी म्हटलं, छान आहे, पोरगा गळा काढतोच चांगला. भावजय म्हणाली, "म्हणजे?" म्हटलं, आरव म्हणजे आवाज. ओरडणं, कलकलाट, गोंगाट, सगळं त्यात आलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "नाही हो ताई, आरव म्हणजे शांत. आम्ही अर्थ बघूनच ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी पाळण्यामागे थर्माकोलवर सोनेरी अक्षरांत 'आरव', आणि खाली बारीक अक्षरांत 'शांत, सौम्य'. पाळण्यातलं पोर मुठी आवळून, लालबुंद होऊन असं किंचाळत होतं की 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' कुणाला ऐकू जाईना. मी वाकून कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले आणि सरळ होताना म्हणाले, "बघा, नाव लागलीच लागू पडलं." एवढंच बोलले हो. पण भावजयीच्या माहेरची सगळी मंडळी समोर होती.

भावाने पंगतीतच फोन काढला. एक साइट, दुसरी, तिसरी, सगळीकडे 'शांत'. "तीन ठिकाणी चूक कशी असेल, ताई?" अरे बाबा, एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं! असे तीन पेपर माझ्याकडे आले तर मी तिघांनाही शून्य देते. घोळ कुठे झाला असावा हे कुणीही ओळखेल. रव म्हणजे आवाज, नीरव म्हणजे जिथे आवाज नाही ते. नीरवचा अर्थ आरवच्या गळ्यात पडला. घरी येऊन मी आपट्यांच्या कोशातल्या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मग मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातला टाकला. त्यात तर आरवसमोर रडणं-ओरडणंच दिलंय. उत्तर कुणाचंच नाही. भावजयीच्या बहिणीने तेवढे हात जोडलेले पाठवले.

भाऊ नंतर म्हणाला, "अर्थ कोण बघतं गं, ऐकायला गोड वाटतं." मग ठेवा ना गोड वाटतं म्हणून, बेलाशक ठेवा. पण मग थर्माकोलवर अर्थ कशाला लिहायचा?

आणि हे एका आरवचं नाही. कियान घ्या. साइट सांगते 'देवाची कृपा', मूळ संस्कृत. शब्द फारसी आहे, इराणच्या पुराणकथांत कयानी राजांचं घराणं आहे त्यातला. राजा हा अर्थ काय वाईट आहे? रेयांशमधला अंश मला कळतो; रेय कोण, ते आजवर एकाही रेयांशच्या आईने सांगितलेलं नाही. रुद्र तर हल्ली दर वर्गात असतो आणि पालक म्हणतात 'शक्तिशाली'. मूळ धातू रुद्, रडणे, असं आपली परंपराच सांगते. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात गोष्ट आहे. मूल जन्माला आलं आणि रडायला लागलं. प्रजापतीने विचारलं, का रडतोस? ते म्हणालं, मला नाव नाही, मला नाव दे. रडला म्हणून नाव रुद्र. तरी त्याचं समाधान होईना, म्हणून प्रजापतीने आणखी नावं दिली: शर्व, पशुपती, उग्र, अशनी, भव, महादेव, ईशान. एवढी सुंदर गोष्ट पोराला सांगायची सोडून 'शक्तिशाली' काय सांगता?

तुमच्या 'थ'चं म्हणाल तर नाद सोडा. संस्कृत कोशात थ पानभराचासुद्धा नाही. आणि शास्त्रच काढायचं तर पारस्कर गृह्यसूत्र, म्हणजे घरच्या संस्कारांचे नियम सांगणारा जुना ग्रंथ, म्हणतं, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात घोष व्यंजनाने (ग, द, ब यांसारख्या, ज्यांच्या उच्चारात गळ्यात कंप जाणवतो) व्हावी आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी काहीतरी यावं. थ अघोष, म्हणजे कंप नसलेला. म्हणजे सूत्रकाराने तुमचं अक्षर दारातच अडवलं असतं. तुमच्याच नक्षत्राच्या चौथ्या चरणाला 'ञ' येतो आणि आर्द्राच्या तिसऱ्याला 'ङ'. त्या आईबापांनी काय करायचं? पत्रिकेत नावरस नाव लिहून ठेवतात आणि हाक मारायला दुसरं ठेवतात, तेच करा. घाईही नको. जन्मनोंदणीत नाव वर्षभरात फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.

अर्थ बघायचाच तर शब्दकोशात बघा. कोलोन विद्यापीठाच्या साइटवर मोनियर-विल्यम्स आणि आपटे दोन्ही फुकट आहेत. तिथे शब्द नसेल तर तो संस्कृत नसण्याची शक्यता मोठी, आणि त्यात काही कमीपणा नाही. (आमच्या भावजयीला वाटतं, मला संस्कृतखेरीज काही चालत नाही. साफ खोटं.) मालोजीराजांनी शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. याला म्हणतात मूळ.

माझे आजोबा धोंडू. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून दृष्ट लागू नये, यमानेसुद्धा ढुंकून बघू नये असं नाव. कोशात बघाल तर धोंडा म्हणजे दगड, एवढंच मिळेल. दगडू, केरू, भिकू त्यातलेच. उलट नकुशा. तिथे शब्द आणि हेतू एकच, नकोशी; साताऱ्यात 2011 साली अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली, तेव्हा त्यातल्या कित्येकींनी ती स्वतः निवडली होती.

आता, ज्यांच्या घरी आरव आधीच आहे त्यांनी नाव बदलायला धावू नये. नाव चांगलंच आहे. आमचा आरव शाळेत जातो आणि नावाला पुरेपूर जागतो. मला त्याने मागे विचारलं, "आत्या, माझ्या नावाचा अर्थ काय?" मी त्याला कोश उघडून दिला आणि बोट ठेवून वाचायला लावलं. घरी जाऊन त्याने आईला काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण फोन लगेच आला. हे उत्तर तिला कुणी पाठवू नका. पाठवलंत तरी चालेल.