बडोद्याला समुद्र नाही, मग चक्रीवादळाची तयारी कशाला करायची?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी पुण्याहून बडोद्याला येताय, समा भागात ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट मिळतोय, आणि अरबी समुद्रात हल्ली वादळं वाढलीत तर इथे किती धोका. मी दांडिया बाजारातला, जन्म इथलाच, तर सरळ सांगतो, वाऱ्याचं टेन्शन सोडा, पाण्याचं घ्या.

वादळ धडकतं ते सौराष्ट्र नाहीतर कच्छला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते दीव-उनाच्या बाजूला आलं, २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय जखाऊला, आणि इथवर पोचेपर्यंत दम बराच निघून गेलेला असतो, झाडं पडतात, लाईट जाते, फार तर होर्डिंग खाली येतं. आणि एल निनोचं वर्ष (पॅसिफिक महासागर नेहमीपेक्षा तापतो ते) म्हणजे पाऊस कमी, मग आपण सेफ, हे गणित नका मांडू, बिपरजॉय आलं ते एल निनोच्याच वर्षात. २०१९ ला इंडियन ओशन डायपोल चांगलाच पॉझिटिव्ह होता, म्हणजे आफ्रिकेकडचा समुद्र नेहमीपेक्षा गरम, आणि त्या वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी रांगच लागली. पण बडोदं बुडालं ते यातल्या एकामुळेही नाही, ३१ जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला, त्यानं.

२०२४ ची गोष्ट तर अजून उलटी. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशाकडून एक डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या एक पायरी खालची कमी दाबाची स्थिती) जमिनीवरूनच गुजरातवर आलं आणि हलेचना, गावातल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५-२६ फूट, ती काळा घोडा पुलाजवळ ३५ च्या वर गेली. मग ते कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं, नाव पडलं असना (ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ, हे १९७६ नंतर पहिल्यांदाच). त्याचं बारसं होईपर्यंत आमच्याकडे घरं बुडूनही झालेली. म्हणून टीव्हीवर नाव ऐकल्यावर तयारीला लागू म्हणाल तर चालायचं नाही.

बघायचं काय, तर पावागढकडे पाऊस किती, आजव्याची लेव्हल किती (२१४ फूट म्हणजे काठोकाठ भरलं समजा, सयाजीरावांच्या काळातलं तळं आहे ते) आणि काळा घोड्याला नदी किती फुटांवर. पावसाळ्यात हे आकडे सोसायटीच्या ग्रुपवर फिरतच असतात. गावात पाऊस थांबला की लोक निवांत होतात, पण पावागढ-आजव्याकडचं वरचं पाणी नदीतून मागाहून येतं आणि रात्रीत पार्किंग भरतं.

फ्लॅटचं ब्रोकरला विचारू नका, तो म्हणणार इथे थेंब येत नाही. वॉचमनला नाहीतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलेलं, ते हात लावून दाखवतील. मीटर बॉक्स आणि पाण्याची मोटर खालीच असेल तर मी तरी तो फ्लॅट घेणार नाही, कारण पाणी शिरलं की लाईट बंद करतात, मोटर बंद म्हणजे वरच्यांनाही पाणी नाही, आणि खालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलं की ते प्यायचं नाहीच. प्यायचं पाणी, रोजच्या गोळ्या, चार्ज केलेली पॉवर बँक आणि घराचे कागद एवढं वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी ठेवता आलं पाहिजे, म्हणून आल्या आल्या वरच्या काकूंशी ओळख करून घ्या.

गाडी आधीच उंचावर नेऊन लावा, त्या दिवसांत लोक फ्लायओव्हरवर लावतात, कुणी काही म्हणत नाही. बुडालेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही, इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा क्लेम मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं आणि ते पावसाळ्याआधीच घ्यायचं.

आणि हो, मगरी. विश्वामित्रीत त्या आहेतच, पुरात रस्त्यावर, सोसायटीत येतात, २०२४ ला बऱ्याच पकडल्या. पाणी असताना आणि ओसरल्यावरही अंधारात खाली उतरू नका, दिसली तर वनखात्याला कळवा आणि व्हिडिओ काढायचाच असेल तर गॅलरीतून काढा.